रात्रपाळीनंतरची झोप आणि लाल दिवा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रात्रपाळी करून परतलेल्या माणसाला सकाळी नऊला अंथरुणावर पडताच झोप लागते, पण साडेअकरा-बाराच्या सुमारास डोळे टक्क उघडतात आणि मग काही केल्या पुन्हा मिटत नाहीत. पुण्यातील एका रुग्णालयात मी चौदा वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे आणि त्यांतील बहुतेक वर्षी महिन्यातून आठ-दहा रात्री ड्यूटीवर काढल्या आहेत. ही दुपारची जाग माझ्या चांगल्याच ओळखीची आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत तिसरी पाळी करणारे, हिंजवडीत परदेशी वेळेनुसार काम करणारे, रात्री पहारा देणारे, अशा सर्वांचे दुखणे हेच असते. हल्ली लाल प्रकाशाने गाढ झोप लागते असे अनेक ठिकाणी सांगितले जाते आणि त्यासाठी दिव्यांपासून मोठाल्या पॅनेलपर्यंत बरेच काही विकले जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. लाल प्रकाश झोप आणत नाही, तो फक्त झोपेच्या वाटेत आडवा येत नाही, आणि त्याचा रात्रपाळीतला जवळजवळ सगळा उपयोग एवढ्याच गुणावर उभा आहे.

शरीर प्रकाश कसा ओळखते

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि तोच शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. पेशींच्या आतील हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते, याचा उलगडा फळमाश्यांवरील संशोधनातून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ रोज बाहेरच्या दिवसाशी जुळवून घ्यावे लागते आणि ते काम डोळ्यांवाटे येणारा प्रकाश करतो. आपण ज्यांनी पाहतो त्या पेशींव्यतिरिक्त दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, आणखी एका प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दाखवून दिल्या. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे आकाशी-निळ्या प्रकाशाला सर्वांत अधिक प्रतिसाद देते. पांढऱ्या एलईडी दिव्यात, ट्यूबलाइटमध्ये, मोबाइलच्या पडद्यात आणि अर्थातच सकाळच्या आकाशात हा प्रकाश भरपूर असतो. तो डोळ्यांत शिरला की पीनियल ग्रंथीतून पाझरणारे मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक कमी होते.

सुमारे ६२० नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश मंद असेल, तर या पेशींना तो जवळजवळ जाणवत नाही. आपल्याला वस्तू दिसतात, चालता-फिरता येते, पण घड्याळाच्या दृष्टीने खोलीत अंधारच राहतो. ‘मंद असेल तर’ हे शब्द मात्र वाचताना सोडू नयेत, कारण पाहण्याच्या नेहमीच्या पेशीही या घड्याळाला थोडीफार खबर पोहोचवतात आणि झगझगीत लाल दिवा मंद लाल दिव्यासारखा निरुपद्रवी राहत नाही.

प्रकाशाच्या वेळेचाही एक नियम आहे. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते. त्याआधी मिळालेला प्रखर प्रकाश घड्याळ पुढे ढकलतो, म्हणजे उशिरा झोपण्या-उठण्याकडे नेतो, तर त्यानंतर मिळालेला प्रकाश ते मागे खेचतो. आपली पाळी सुटते सात-आठला. म्हणजे रात्रभर जागून शरीर थोडेफार पुढे सरकलेच असेल, तर घरी परतताना मिळणारे सकाळचे ऊन ते नेमके पुन्हा मागे ओढते आणि ‘दिवस उजाडला, ऊठ’ असा निरोप शरीराला देते. नुसता दिवा बदलून भागत नाही, ते यामुळेच.

दिवा निवडणे आणि तपासणे

सुरुवातीला महागडे काहीही घेऊ नये. आपल्याकडे झिरोचा दिवा म्हणून मिळणारा अर्ध्या ते एक वॉटचा लाल एलईडी बल्ब पुरेसा असतो आणि तो शंभर रुपयांच्या आत-बाहेर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. जुना तारेचा झिरो बल्ब घेऊ नये. नावात शून्य असले तरी तो पंधरा वॉटच्या आसपास वीज खातो, तापतो, आणि त्याच्या काचेवरचा लाल रंग विरळ झाला की पिवळा-पांढरा प्रकाश बाहेर झिरपू लागतो. रंग बदलणारा स्मार्ट बल्ब घरात असेल तर तो शुद्ध लाल रंगावर आणि सर्वांत कमी तेजावर लावूनही काम होते. पिवळा, ‘वॉर्म’ किंवा नारिंगी दिवा म्हणजे लाल दिवा नव्हे. पांढऱ्यापेक्षा तो बरा, पण त्यातून निळा-हिरवा प्रकाश काही प्रमाणात येतोच.

दिवा खरोखर लाल आहे की नाही, हे पाहण्याची एक घरगुती पद्धत मला फार उपयोगी पडली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार आणि सणांच्या तारखा लाल शाईने छापलेल्या असतात. खोली पूर्ण अंधारी करून फक्त लाल दिवा लावावा आणि त्या दिनदर्शिकेसमोर उभे राहावे. दिवा शुद्ध लाल असेल तर काळ्या तारखा ठळक दिसतात आणि रविवारचा उभा रकाना मात्र कोरा पडल्यासारखा दिसतो, कारण त्या प्रकाशात पांढरा कागद आणि लाल शाई दोन्ही सारखेच लाल भासतात. मी पहिल्यांदा आणलेल्या दिव्यात रविवार स्पष्ट वाचता येत होते. तो दिवा नावापुरताच लाल होता. घरात जुनी सीडी असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर दिव्याचे प्रतिबिंब तिरके पाडून पाहावे. फक्त लाल पट्टा दिसला तर दिवा योग्य, त्याच्या शेजारी हिरवी-निळी छटा उमटली तर तो परत करावा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला असता पडद्यावर सरकते पट्टे जोरात दिसत असतील, तर तो दिवा लुकलुकणारा आहे आणि डोकेदुखीचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळलेला बरा.

दिवा डोळ्यांच्या पातळीच्या खाली, शक्यतो जमिनीलगतच्या प्लगमध्ये लावावा, म्हणजे पाय ठेवायची जागा दिसते आणि दिव्याची काच थेट डोळ्यांत येत नाही. साधारण तीन जागी त्याची गरज पडते : न्हाणीघर, स्वयंपाकघराचा ओटा आणि या दोहोंना झोपायच्या खोलीशी जोडणारी वाट.

याच ठिकाणी एक धोका सांगितला पाहिजे आणि परिचारिका म्हणून तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रविवारच्या तारखा ज्या कारणाने नाहीशा होतात, त्याच कारणाने औषधाच्या पाकिटावरची लाल रेघही नाहीशी होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न घेण्याची औषधे आपल्याकडे त्या रेघेवरून ओळखली जातात. म्हणून लाल प्रकाशात कोणतेही औषध काढून घेऊ नये आणि घरातल्यांनाही देऊ नये. रक्त, त्वचेवरचा लालसरपणा, ओठांचा निळसरपणा यांतले काहीही त्या प्रकाशात नीट कळत नाही. त्यामुळे वॉर्डात, प्रयोगशाळेत किंवा यंत्राजवळ लाल दिव्याखाली काम करण्याचा विचार मनातही आणू नये. कारखान्यात तर लाल दिवा हा धोक्याचा इशारा असतो. आपला लाल दिवा घरापुरता ठेवावा.

पाळीवर असताना

दिवसाची झोप रात्रीच्या प्रकाशापासून सुरू होते. पाळीच्या पूर्वार्धात मिळेल तेवढ्या उजेडात काम करावे. शिकागोच्या रश विद्यापीठातील शार्मेन ईस्टमन यांनी रात्रपाळीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांच्या पद्धतीत मध्यरात्रीनंतर पहाटे चारपर्यंत दर तासाला साधारण पंधरा मिनिटे प्रखर प्रकाश, परतताना काळा चष्मा आणि घरी गडद अंधार या तिन्हींची सांगड घातलेली होती. आपल्याला प्रकाशाची खास पेटी मिळणार नाही, पण नोंदी लिहिण्याचे काम मंद कोपऱ्याऐवजी नर्सिंग स्टेशनच्या भर उजेडात बसून करणे, जेवणाची सुटी उजळ खोलीत घेणे, एवढे तरी हातात असते. ज्यांची कायम रात्रपाळी आहे त्यांना याचा लाभ अधिक होतो. आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांनी किंवा महिन्यातून दोन-तीनच रात्री असणाऱ्यांनी घड्याळ पूर्ण फिरवण्याच्या मागे लागू नये. ते दिवसाला सुमारे एखाद-दोन तासच सरकते, आणि सरकेपर्यंत पाळी बदललेली असते. त्यांनी प्रकाश टाळणे आणि अंधार राखणे या पुढच्या भागावरच भर द्यावा.

पहाटे चारनंतर उजेड शक्य तितका कमी करावा, अर्थात कामाला आणि सुरक्षिततेला बाधा येत नसेल तरच. या वेळी डुलकी अनावर होते. २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलर पॉलिटेक्निक या संस्थेत मरियाना फिगेरो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका लहान प्रयोगात असे दिसले की रात्री ४० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) निळा आणि लाल असे दोन्ही प्रकाश मेंदूची सतर्कता वाढवतात, पण मेलाटोनिन दबते ते निळ्याने. म्हणजे विश्रांतीच्या खोलीत पहाटे थोडा वेळ लाल दिव्याजवळ बसणे जागे राहण्यास मदत करू शकते. त्याच प्रयोगातून दुसरी गोष्टही निघते, आणि विकणारे ती सहसा सांगत नाहीत : पुरेसा तेजस्वी लाल प्रकाश माणसाला जागे करतो. झोपण्यापूर्वीचा दिवा मंद असावा, हा आग्रह त्यासाठीच.

चहा-कॉफी रात्री दोन-अडीचनंतर बंद करावी. कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. पहाटे पाचच्या कडक चहाचा निम्मा परिणाम सकाळी दहाला, ऐन झोपेत, शिल्लक असतो.

परतीचा प्रवास

कंपनीच्या बसने, लोकलने किंवा कुणाच्या मागे बसून येणाऱ्यांनी बाहेर पडण्यापूर्वीच गडद गॉगल चढवावा. त्यावर टोपी किंवा ओढणी पुढे ओढून घेतली तर वरून येणारा उजेडही अडतो. आकाशातून येणारा प्रकाश सकाळीही हजारो लक्सचा असतो, घरातल्या दिव्याच्या कित्येक पट. त्यामुळे घरी कितीही लाल दिवे लावले तरी हा अर्ध्या तासाचा प्रवास उघड्या डोळ्यांनी केला तर बरेचसे पाणी वाहून गेलेले असते.

स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवणाऱ्यांसाठी नियम उलटा आहे. गडद गॉगल घालून, पेंगुळल्या डोळ्यांनी वाहन चालवणे जिवावर बेतू शकते, आणि लाल किंवा गडद नारिंगी काचांमुळे सिग्नलचे रंग चुकतात. त्यांनी उजेड सहन करावा, झोप अनावर असेल तर निघण्यापूर्वी ड्यूटी रूममध्ये वीस मिनिटांची डुलकी काढावी आणि शक्य असेल तर वाहनच सोडून बसने यावे. एका सकाळी सिग्नलला उभी असताना स्कूटरवरच माझा डोळा लागला आणि मागच्या रिक्षावाल्याच्या हॉर्नने मी जागी झाले. त्या दिवसापासून रात्रपाळीच्या आठवड्यात मी स्कूटर घरीच ठेवते. झोपेसाठी उजेड टाळणे दुय्यम आहे, घरी सुखरूप पोहोचणे आधी.

घरातला तास

लाल दिव्याचे खरे काम या तासात असते. दार उघडून आत आल्यापासून अंथरुणावर पडेपर्यंत हात-पाय धुणे, आंघोळ, खाणे, डबा धुवायला टाकणे अशी कामे असतात, आणि घरातल्या इतरांचा दिवस तर नुकता सुरू झालेला असतो. बाकीच्या घराला अंधारात बसवणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. त्यामुळे आपली वाट तेवढी आखून घ्यावी.

सर्वांत मोठा अडथळा न्हाणीघरातल्या ट्यूबलाइटचा असतो. छोट्याशा पांढऱ्या फरशीच्या खोलीत, आरशासमोर, डोळ्यांपासून हातभर अंतरावर तो दिवा असतो, आणि आपण त्याखाली दहा-पंधरा मिनिटे उभे असतो. तिथे लाल दिवा लावून खिडकीच्या काचांवर जाड कागद चिकटवला, तर या तासातला सर्वांत वाईट उजेड टळतो. ओल्या जागी प्लग पाण्यापासून दूर असावा आणि लाल प्रकाशात फरशीवरचे पाणी नीट दिसत नाही हे लक्षात घेऊन पायपुसणे आधीच टाकून ठेवावे. कोमट पाण्याची आंघोळ चांगली, कारण त्यानंतर त्वचेवाटे उष्णता बाहेर पडून शरीर थोडे निवते आणि झोपेला ते पोषक असते.

खाणे हलके असावे. मऊ भात-वरण, भाकरी-दूध किंवा उपमा पुरे. भरपेट जेवून आडवे झाले की पित्त वर येते आणि दुपारची जाग आणखी लवकर येते.

मोबाइल शक्यतो बाजूला ठेवावा. घरी कळवायचेच असेल तर पडदाही लाल करता येतो. आयफोनमध्ये अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘कलर फिल्टर्स’ या पर्यायात रंगाची छटा लावून पडदा पूर्ण लाल होतो. अँड्रॉइड फोनमधल्या ‘नाइट लाइट’ किंवा तत्सम पर्यायाने पडदा पिवळसर होतो, पूर्ण लाल होत नाही, म्हणून तेजही अगदी कमी करावे. मात्र पडदा लाल झाला तरी ग्रुपवरचे वाद तेच राहतात आणि त्यांनी उडालेली झोप कोणताही रंग परत आणत नाही.

झोपेची खोली : इथे लाल दिवाही बंद

अनेक जण लाल दिवा रात्रभर, म्हणजे आपल्या बाबतीत दिवसभर, लावून झोपतात. तसे करू नये. मिटलेल्या पापण्यांतून इतर रंगांच्या मानाने लाल प्रकाशच अधिक आत शिरतो. हातात टॉर्च धरल्यावर बोटे लाल दिसतात, ते याच गुणामुळे. २०२२ मध्ये टिमोथी ब्राउन आणि अनेक देशांतील संशोधकांनी मिळून प्रकाशाबाबत ज्या शिफारशी केल्या, त्यांत झोपेच्या वेळी डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाश १ लक्सहून अधिक नसावा असे म्हटले आहे. हे मोजमाप मेलानॉप्सिनच्या संवेदनेनुसार केलेले आहे. घरात त्याची सोपी खूण अशी की दिवसा दार लावून पाच मिनिटे बसल्यावर समोर धरलेल्या आपल्याच हाताची बोटे मोजता येऊ नयेत.

त्यासाठी काळ्या अस्तराचे जाड पडदे भिंतीपर्यंत दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त आणि जमिनीपर्यंत लांब शिवून घ्यावेत. भाड्याच्या घरात पडद्याचा दांडा लावता येत नसेल तर खिडकीच्या मापाचा काळा पुठ्ठा कापून वेल्क्रोने बसवावा. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून ठेवावी. लाल दिव्याच्या पैशांआधी हे पैसे खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाजाचे म्हणाल तर घंटागाडी, कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल यांच्यापुढे पंख्याचा एकसारखा आवाज आणि कानातले बोळे हेच उपाय. बेल बंद ठेवून दारावर चिठ्ठी लावण्यात संकोच करू नये.

मधेच लघवीला उठावे लागले तरच जमिनीलगतचा लाल दिवा लावावा आणि परत येताच बंद करावा.

उठल्यावर आणि सुटीच्या दिवशी

झोप पूर्ण झाली की लाल दिव्याचे काम संपते. पडदे उघडावेत, गच्चीवर किंवा गॅलरीत जावे, संध्याकाळी एक फेरी मारावी. दिवसभर लालसर अंधारात राहिल्याने मन खिन्न होते, हे मी स्वतः एका जानेवारीत अनुभवले आहे.

कायम रात्रपाळी करणाऱ्यांसाठी ईस्टमन यांनी सुचवलेला मधला मार्ग व्यवहार्य आहे. पाळीच्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन आणि सुटीच्या दिवशी पहाटे तीन ते दुपारी बारा अशा त्या झोपेच्या वेळा आहेत. त्यामुळे घड्याळ प्रत्येक सुटीला पूर्ण उलटे फिरत नाही आणि सुटीची दुपार-संध्याकाळ घरच्यांना मिळते. सुटीच्या रात्री तीनपर्यंत जागताना शेवटचे दोन-तीन तास दिवे मंद ठेवावेत, तिथे लाल दिवा पुन्हा कामाला येतो.

पॅनेल घ्यावे का

‘रेड लाइट थेरपी’ या नावाने विकली जाणारी पॅनेल हा वेगळा विषय आहे. त्यांत साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो आणि तो त्वचेवर, स्नायूंवर पाडण्यासाठी वापरतात. या उपचाराची सुरुवात १९६० च्या दशकात हंगेरीतील एंड्रे मेस्टर यांच्या उंदरांवरील लेसर प्रयोगांपर्यंत जाते. झोपेच्या संदर्भात २०१२ मधला एक चिनी अभ्यास वारंवार पुढे केला जातो. त्यात वीस महिला बास्केटबॉलपटूंपैकी निम्म्या जणींना १४ दिवस रोज अर्धा तास सर्वांगावर लाल प्रकाश दिला, आणि त्यांच्या झोपेचा दर्जा व मेलाटोनिन सुधारल्याचे आढळले. अभ्यास प्रामाणिक असेल, पण त्या तरुण खेळाडू होत्या, रात्री झोपणाऱ्या होत्या आणि संख्येने फक्त वीस होत्या. त्यावरून चाळिशीच्या रात्रपाळीवाल्याने हजारो रुपये घालावेत, असे मी कोणालाही सांगणार नाही.

पॅनेल आधीच घरात असेल तर ते झोपण्यापूर्वी न वापरता उठल्यानंतर वापरावे, कारण अंधाऱ्या खोलीत त्याचा झगझगीत प्रकाश आणि त्याची ऊब दोन्ही जागे करतात. कंपनीने दिलेले अंतर आणि वेळ पाळावी, सोबतचा चष्मा लावावा आणि दिव्यांकडे रोखून पाहू नये. अवरक्त प्रकाश दिसत नाही म्हणून डोळे मिटले जात नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. दृष्टिपटलाचा विकार, अपस्मार (फिट येणे) किंवा द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार असणाऱ्यांनी, तसेच प्रकाशाला त्वचा हळवी करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरूच करू नये. मेलाटोनिनच्या गोळ्यांबाबतही हेच.

नोंद आणि डॉक्टर

सुरुवात करण्यापूर्वी एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे साध्या वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : घरी पोहोचल्याची वेळ, झोपल्याची वेळ, पहिली जाग आल्याची वेळ आणि पुढच्या पाळीत पेंग आली का. पहिली जाग साडेअकरावरून एक-दीडपर्यंत गेली तरी मोठा फरक पडतो. एकाच वेळी सगळे बदलू नये. आधी पडदे, मग परतीचा गॉगल, मग न्हाणीघरातला लाल दिवा, असे क्रमाने केल्यास कशाचा उपयोग झाला ते कळते.

तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल किंवा कामावर डोळे मिटत असतील, घोरणे मोठे असून श्वास अडकल्याने जाग येत असेल, रक्तदाब किंवा साखर वाढू लागली असेल, वाहन चालवताना एकदाही डोळा लागला असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि आपल्या पाळ्यांचे वेळापत्रकही सोबत न्यावे, कारण रात्रपाळीची गोष्ट आपण सांगितल्याशिवाय तपासणीच्या पाच मिनिटांत सहसा कोणी विचारत नाही.